सेप्सिसमागचे जंतू : इथले, तिथले आणि आपल्याबरोबर प्रवास करणारे



गेली काही वर्षे इथल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर 'सेप्सिस' हा शब्द वारंवार येतो आहे. त्यामागे मोठे कारण आहे ते मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीचे. २०२१ मध्ये सुट्टीवर असताना ती सायकलवरून पडली आणि तिच्या स्वादुपिंडाला मार बसला. लंडनमध्ये रुग्णालयात असतानाच तिला सेप्सिस झाला. "पोरीची तब्येत बिघडते आहे" असे आईवडील सांगत राहिले, पण तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलवले गेले नाही आणि ती गेली. वेळीच हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे २०२२ मध्ये कॉरोनरने काढला. आईवडिलांनी मोहीम चालवली आणि २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या १४३ रुग्णालयांत 'मार्थाज् रूल' सुरू झाला. त्यानंतर त्याचा विस्तारही झाला. रुग्णाची प्रकृती ढासळते आहे असे वाटले, तर रुग्णाला किंवा नातेवाइकांना दुसऱ्या तज्ज्ञ पथकाकडून ताबडतोब तपासणी मागता येते, दिवसा किंवा रात्री केव्हाही. हा त्या नियमाचा गाभा.

बातमी आली की आपण हळहळतो आणि पान उलटतो. या वेळी जरा थांबून पाहावे असे आम्हाला वाटले. हा सेप्सिस कोणते जंतू घडवतात, ते सगळीकडे सारखेच असतात का, आणि वर्षा-दोन वर्षांनी देशात जाऊन येणाऱ्या, आईवडिलांना सहा-सहा महिने इकडे आणणाऱ्या आपल्यासारख्यांना यात वेगळे काही लक्षात ठेवायला हवे का? उत्तर शोधताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

'सेप्टिक' आणि 'सेप्सिस'

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या. मराठीत आपण "जखम सेप्टिक झाली" असे सर्रास म्हणतो. म्हणजे जखमेत पू झाला, ती चिघळली. सेप्सिस म्हणजे तेवढेच नव्हे. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला, मग तो फुप्फुसात असो, मूत्रमार्गात असो, पोटात असो की कातडीवर, की शरीर त्याच्याशी लढू लागते. कधीकधी ही लढाई हाताबाहेर जाते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू एकेक करून कामातून जाऊ लागतात. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या हीच आहे : संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यामुळे जिवावर बेतणारी अवयवांची हानी. म्हणजे आग जंतू लावतो, पण घर पुष्कळदा आग विझवणाऱ्यांच्या धावपळीतही मोडते.

'लॅन्सेट'मध्ये २०२० च्या जानेवारीत आलेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ४८ हजार जण यात जातात, असा यूके सेप्सिस ट्रस्टचा अंदाज आहे. म्हणजे हा दूरच्या गरीब देशांतलाच आजार आहे, असे समजायचे कारण नाही.

जंतूंची ओळखपरेड

सेप्सिसचा एकच असा जंतू नसतो. तरी नेहमीचे संशयित ठरलेले आहेत.

पहिला ई. कोलाय. हा आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात सुखाने नांदत असतो. तिथे असेपर्यंत तक्रार नाही. मूत्रमार्गात शिरला की लघवीला जळजळ, आणि तिथून रक्तात गेला की सेप्सिस. इंग्लंडमध्ये रक्तात सापडणाऱ्या जिवाणूंत याचा क्रमांक पहिला आहे. वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण.

दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा कातडीवर आणि नाकात राहतो. जखम, गळू, सलाईनची सुई, मधुमेही माणसाच्या पायाची भेग, अशा वाटांनी आत येतो आणि हृदयाच्या झडपांवर, हाडांत जाऊन बसतो. २०१९ सालच्या मृत्यूंचा जागतिक हिशोब मांडला तेव्हा १३५ देशांत जिवाणूंमुळे होणाऱ्या मृत्यूंत हाच पहिला ठरला.

तिसरा न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनियाचा मुख्य सूत्रधार. लहान मुले आणि म्हातारी माणसे हे त्याचे लक्ष्य. चौथा क्लेब्सिएला आणि पाचवा स्यूडोमोनास. हे दोघे मुख्यतः रुग्णालयांतले रहिवासी. व्हेंटिलेटर, कॅथेटर, शस्त्रक्रियेची जखम, जिथे ओलावा आणि अशक्त माणूस असेल तिथे ते पोहोचतात. त्याच २०१९ च्या हिशोबात ३३ प्रकारच्या जिवाणूंनी मिळून ७७ लाख बळी घेतले होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या पाच जणांच्या नावावर होते.

याशिवाय घशाच्या संसर्गातून येणारा ग्रुप ए स्ट्रेप. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने इथल्या शाळकरी मुलांत घबराट उडवली होती आणि पेनिसिलिनच्या बाटल्या दुकानांतून गायब झाल्या होत्या, हे अनेक पालकांना आठवत असेल. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस आहे. कॅन्डिडासारख्या बुरशी आहेत. आणि सेप्सिस विषाणूंमुळेही होतो, हे कोविडने दाखवून दिले.

जंतू सापडतोच असे नाही, ही आणखी एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. २०१७ च्या सप्टेंबरातल्या एका ठरावीक दिवशी ८८ देशांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी झाली. निम्म्याहून अधिक रुग्णांना संसर्ग झालेला किंवा त्याचा संशय होता. पण त्यांतल्याही ६५ टक्क्यांच्याच तपासणीत जंतू हाती लागला. बाकीच्यांत डॉक्टर अंधारातच लढत होते. जंतू सापडला तरी रक्ताचा नमुना वाढवून त्याचे नाव कळायला साधारण एक-दोन दिवस जातात, आणि सेप्सिसचा रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. इथल्या 'नाईस' संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार सर्वांत गंभीर गटातल्या रुग्णाला एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्यायचे असते.

याचा अर्थ असा की पहिले औषध हे अंदाजानेच निवडले जाते. हा अंदाज बरोबर येतो की चुकतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि इथेच आपला, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचा संबंध येतो.

देश बदलला की संशयित बदलतात

नवजात बाळांचे उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत होणाऱ्या सेप्सिसचे नेहमीचे कारण म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप, जो आईकडून बाळाकडे येतो. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे चित्र निराळेच निघाले. पहिला अॅसिनेटोबॅक्टर, २२ टक्के. दुसरा क्लेब्सिएला, १७ टक्के. तिसरा ई. कोलाय, १४ टक्के. त्यांतले पुष्कळसे जंतू अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारे होते. आजार तोच, बाळे तेवढीच नाजूक, पण लंडनमध्ये जे औषध पहिले म्हणून चालते ते दिल्लीत चालेलच असे नाही.

मोठ्यांचेही तसेच. इथे पावसाळ्यानंतर ताप आला म्हणून कोणी लेप्टोचा विचार करत नाही. मुंबईकराला मात्र २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने काय केले ते आठवते. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ आली होती. मलेरिया आणि डेंग्यू तर सेप्सिसचे सोंग हुबेहूब वठवतात. देशातून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर यांतले काहीही असू शकते. इथल्या डॉक्टरला ते सुचावे यासाठी आपण कुठून आलो ते त्याला आधी कळायला हवे.

एमआरएसए हटला, ई. कोलाय का नाही?

जंतूंविरुद्ध काही करताच येत नाही असे मात्र नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, हा इथे घराघरात चर्चेचा विषय होता. २००१ पासून प्रत्येक रुग्णालयाला त्याची नोंद सक्तीची झाली. २००३-०४ मध्ये इंग्लंडमध्ये रक्तात एमआरएसए सापडलेले सुमारे ७,७०० रुग्ण होते. हात धुणे, सलाईनच्या नळ्यांची निगा, रुग्णांची आधीच तपासणी, वरून राजकीय दबाव, या सगळ्यांतून २०१२-१३ पर्यंत तो आकडा हजाराच्या आत आला. आजच्या काळात इतके स्वच्छ यश क्वचितच दिसते.

मग ई. कोलायच्या बाबतीत तसे का झाले नाही? आरोग्यसेवेशी संबंधित असे रक्तसंसर्ग निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ मध्ये जाहीर केले होते. ते ठरल्या मुदतीत साधले नाही. कारण उघड आहे. एमआरएसए रुग्णालयात पसरत होता, म्हणून रुग्णालयाला धारेवर धरता आले. ई. कोलायचे बहुतेक रुग्ण घरातूनच आजारी होऊन येतात आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची सुरुवात मूत्रमार्गात झालेली असते. तिथे वॉर्डातल्या सिस्टरने हात धुवून भागत नाही. आजीने दिवसभरात पाणी किती प्यायले, लघवीची जळजळ किती दिवस अंगावर काढली, मधुमेह ताब्यात आहे का, मागच्या वेळच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या का, यावर ते ठरते. म्हणजे ही लढाई आपल्या स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये येऊन पोहोचली आहे.

'नवी दिल्ली' नावाचा वाद

२०१० चा ऑगस्ट महिना आठवतो का? 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये एक लेख आला आणि भारतात एकच गदारोळ उडाला. एनडीएम-१ नावाच्या एका घटकामुळे जंतू कार्बापेनेम या राखीव, शेवटच्या फळीतल्या औषधांनाही पुरून उरतात, असे त्यात होते. 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. आपल्याकडच्या वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, अशी टीका झाली. संसदेतही पडसाद उमटले.

राग समजण्यासारखा होता. एका शहराचे नाव असे चिकटवणे बरे नव्हे, हे आमचेही मत आहे. पण नावावर भांडताना मूळ गोष्ट बाजूला पडली. हा घटक पहिल्यांदा सापडला तो २००८ मध्ये, स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका मूळच्या भारतीय गृहस्थांच्या लघवीच्या नमुन्यात. ते भारतात गेले असताना तिथे रुग्णालयात दाखल झाले होते. जंतू होता क्लेब्सिएला. २०१० च्या लेखात ब्रिटनमधले ३७ रुग्ण होते, आणि त्यांतले अनेक जण आदल्या वर्षभरात भारत किंवा पाकिस्तानात जाऊन आलेले, काही तिथे उपचार घेतलेले होते. थोडक्यात, ही गोष्ट तुमच्या-आमच्यासारख्यांचीच होती.

त्यानंतर चित्र सुधारलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या अहवालांत मोठ्या रुग्णालयांतल्या क्लेब्सिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर ही राखीव औषधेही नीट चालत नाहीत असे दिसते. भारत सरकार स्वस्थ बसले आहे असेही नाही. २०१४ च्या मार्चपासून अनेक अँटिबायोटिके 'शेड्यूल एच-१' मध्ये आली, २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली, २०१९ मध्ये कोंबड्या व जनावरांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर बंदी आली. पण कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे चिठ्ठीवाचून स्ट्रिप मिळते, हे आपण प्रत्येक वारीत पाहतोच.

आणि पाहुणा म्हणून गेलेला माणूसही कोरडा परत येत नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार प्रवाशांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात जाऊन आलेल्या चारांपैकी तिघांच्या आतड्यात अनेक औषधांना न जुमानणारे जंतू नव्याने आलेले सापडले. घाबरू नका. बहुतेकांना काही होत नाही, आणि साधारण महिन्याभरात निम्म्या लोकांच्या पोटातून ते निघूनही जातात. दहात एकाच्या पोटात मात्र ते वर्षभर मुक्काम करतात. त्या वर्षात त्या माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन तो रक्तात गेला, तर नेहमीचे पहिले औषध चालणार नाही. अशा वेळी डॉक्टरच्या अंदाजाला वळण देणारी माहिती फक्त आपल्याकडे असते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि लपवण्यासारखेही नाही. "तुम्ही गेल्या बारा महिन्यांत परदेशात रुग्णालयात होता का?" असे इथल्या रुग्णालयात विचारतात, तेव्हा तो आपल्या देशाचा अपमान नसतो. पुण्यात गुडघ्याचे ऑपरेशन करून घेतले असेल, मुंबईत दोन दिवस सलाईनवर असाल, तर ते सांगून टाकावे. तिथले डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट बरोबर आणावेत. कोणी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

आपल्या घरात याचा अर्थ काय

आईवडील इकडे राहायला येतात तेव्हाची परिस्थिती जरा बारकाईने पाहू. थंडीमुळे त्यांचे पाणी पिणे कमी होते. बाहेर गेले की स्वच्छतागृह कुठे मिळेल या धास्तीने ते आणखी कमी होते. लघवीची तक्रार आई मुलाजवळ बोलत नाही, आणि सुनेजवळ बोलायला आठवडा घेते. तोवर धण्या-जिऱ्याचे पाणी चालू असते. मग एके दिवशी कणकण, हुडहुडी, आणि दुसऱ्या दिवशी आई काहीतरी असंबद्ध बोलू लागते. "वय झालं, जेट लॅग असेल" असे म्हणून आपण सोडून देतो. म्हातारपणी संसर्गाची पहिली खूण ताप नसून अचानक आलेला हा गोंधळच असू शकतो. कालपर्यंत शब्दकोडे सोडवणारी व्यक्ती आज वार विसरते, तर ते वय नव्हे.

ताबडतोब ९९९ ला फोन करावा किंवा ए अँड ई गाठावे अशा खुणा या : बोलणे अडखळणे किंवा भ्रम, जोराची हुडहुडी किंवा असह्य अंगदुखी, दिवसभरात लघवीच न होणे, धाप लागणे, कातडी निळसर, करडी किंवा डागाळलेली दिसणे, आणि "आता मी वाचत नाही" असे रुग्णाला आतून वाटणे. लहान बाळांत दूध न पिणे, उठवूनही न उठणे, जोरजोरात श्वास घेणे. यांतली एक खूणही पुरेशी आहे.

कातडीच्या रंगाबद्दल एक गोष्ट आपल्यासाठी खास महत्त्वाची. पुस्तकांतली, पोस्टरवरची चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या रंगावर निळसरपणा किंवा मेंदूज्वराचे पुरळ चटकन दिसत नाही. म्हणून ओठ, जीभ, हिरड्या, तळहात आणि तळपाय पाहावेत. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्रही गडद कातडीवर आकडा थोडा चढा दाखवू शकते. "रंग नेहमीसारखा नाही" हे घरच्यांना जेवढे कळते तेवढे परक्याला कळत नाही. ते डॉक्टरला स्पष्ट सांगावे.

खर्चाची भीती हाही एक अडसर आहे. पाहुण्या आईवडिलांना रुग्णालयात दाखल केले तर बिल येते, हे खरे. पण ए अँड ईमधली तपासणी आणि उपचार दाखल करेपर्यंत मोफत असतात, जी.पी.ला दाखवायलाही पैसे पडत नाहीत, आणि जिवावर बेतलेल्या स्थितीत पैशासाठी उपचार अडवून ठेवता येत नाहीत. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढावा आणि त्यात मधुमेह, रक्तदाब वगैरे सर्व खरे नोंदवावे. शिवाय रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो. आईच्या मराठी तक्रारींचे आपण घाईघाईत केलेले भाषांतर दरवेळी पुरेसे असेलच असे नाही.

आता सुटकेसमधली स्ट्रिप. "देशातून सिप्रो आणि अझिथ्रो आणून ठेवले आहे, लागले तर असावे" हे आपल्यातल्या कित्येक घरांतले चित्र. सर्दीला, विषाणूच्या तापाला ते निरुपयोगी आहे. जिथे खरा जंतुसंसर्ग असेल तिथे अर्धवट डोस घेतला की लक्षणे दबतात, रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढत नाही, आणि डॉक्टरच्या हातातला एकुलता एक पुरावा जातो. तशी गोळी घेतली असेलच, तर तेही सांगून टाकावे. इंग्लंडमध्ये २०२४ च्या जानेवारीपासून १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रियांना साध्या मूत्रसंसर्गासाठी थेट फार्मसीतून तपासून औषध मिळते. जी.पी.ची वेळ मिळत नाही ही सबब त्यामुळे बरीच कमी झाली आहे. त्याहून मोठ्या बायकांनी, पुरुषांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र जी.पी.कडेच जावे.

शेवटी लसी. न्यूमोकॉकसची लस इथे बाळांना २००६ पासून मिळते आणि ६५ वर्षांच्या सर्वांसाठी ती आहे. मेंदूज्वराच्या लसी वेळापत्रकात आहेत. भारतात न्यूमोकॉकसची लस बाळांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली, पण आपल्या आईवडिलांच्या पिढीला ती कोणी टोचलेली नाही. पुढच्या वारीत त्यांच्या डॉक्टरांशी हा विषय जरूर काढावा.

सेप्सिसचे जंतू काही परग्रहावरून येत नाहीत. बहुतेक आपल्याच कातडीवर, आपल्याच पोटात राहतात, आणि आपल्याच विमानातून प्रवास करतात. डॉक्टरांकडे औषधे आहेत, यंत्रे आहेत, आता नातेवाइकांचे ऐकायला लावणारा नियमही आहे. पण पहिल्या तासात डॉक्टरला दोनच गोष्टींची गरज असते : रुग्ण वेळेवर दारात यावा आणि त्याचा पूर्वेतिहास खरा कळावा. या दोन्ही गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत. आपण मराठी माणसे डॉक्टरसमोर भिडस्त. "उगाच कशाला त्रास द्यायचा" ही आपली सवय. निदान या एका बाबतीत भीड बाजूला ठेवावी आणि "हे सेप्सिस असू शकेल का?" असे सरळ विचारावे.

हा लेख घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा, आणि जमल्यास देशातल्या मंडळींनाही पाठवावा, ही विनंती.